शून्याच्या पोटातली रेघ

अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता गच्चीच्या कठड्यावर कॅल्क्युलेटर ठेवा आणि दहा मिनिटांनी उचला. पडदा डांबरासारखा काळा झालेला असतो. माणूस घाबरतो, मशीन जळालं म्हणून दुकानात घेऊन येतो. मी त्याला बसायला सांगायचो, कॅल्क्युलेटर माठाच्या बाजूला सावलीत ठेवायचो आणि चहा मागवायचो. चहा संपेपर्यंत पडदा पुन्हा पांढरा होऊन आकडे जागेवर आलेले असायचे. गिऱ्हाईक माझ्याकडे मांत्रिकाकडे बघावं तसं बघायचं. मी मशीनला हातसुद्धा लावलेला नाही, हे मी सहसा सांगत नसे.

ज्याच्या अंगावर आकडा उमटतो ते सगळं मी दुरुस्त केलं. इलेक्ट्रॉनिक काटे, बीपीची मशीनं, डेअरीतले दुधाचे मीटर, भिंतीवरची घड्याळं. आधी अकोल्याला, पुढे अमरावतीला. लोक विचारतात, वानखडे, तुमचं नेमकं काम काय? मी सांगतो, आकडा दिसला पाहिजे एवढंच. ऐकणाऱ्याला हे काम फार किरकोळ वाटतं. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं.

हा धंदा ज्यांनी कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मशीनवरचा प्रत्येक आकडा सात कांड्यांचा असतो. तीन आडव्या, चार उभ्या. सातही कांड्या लागल्या की आठ. त्यातली मधली आडवी विझली की शून्य. वरची उजवी विझली की सहा, खालची डावी विझली की नऊ. म्हणजे प्रत्येक आकडा हा कुठून तरी तोडलेला आठच. करड्या पडद्यावर जे काळे आकडे दिसतात, त्या कांड्या स्वतः उजळत नाहीत. काचेच्या दोन पापुद्र्यांमध्ये एक पातळ द्रव भरलेला असतो, वीज मिळाली की तेवढ्या भागातून उजेड आरपार येत नाही आणि तो भाग काळा दिसतो. मागची जमीन जितकी उजळ आणि कांडी जितकी काळी, तितका आकडा वाचायला सोपा. या फरकाला आम्ही कॉन्ट्रास्ट म्हणतो. तो कमी पडला की आकडा फिका होऊन जमिनीत विरतो. जास्त झाला तर विझलेल्या कांड्याही सावलीसारख्या वर येतात आणि सगळेच आकडे आठाकडे सरकायला लागतात. हे दुसरं दुखणं फार कमी लोकांना माहीत आहे. उन्हाचा ताप वाढला की कॉन्ट्रास्ट आपोआप चढतो. कॅल्क्युलेटर पूर्ण काळं होतं ती शेवटची पायरी. त्याच्या आधीची पायरी जास्त वाईट, कारण तेव्हा आकडा दिसतो, पण खोटा दिसतो.

हे सगळं मला दुकान उघडल्यापासून ठाऊक होतं. ते लक्षात ठेवा, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी लाज आहे.

गिऱ्हाइकं एकेक भारी भेटली. अकोल्याला दाणाबाजारात मोहनशेठ म्हणून एक व्यापारी होते. त्यांच्या काट्यावर लाल दिव्यांचे आकडे होते. काटा दुकानाच्या ओट्यावर, ऊन थेट तोंडावर. आकडे धुऊन गेल्यासारखे दिसायचे. शेठ दोन्ही हातांची ओंजळ करून, त्यात डोळे खुपसून वजन वाचायचे. मला म्हणाले, दिवे मोठे लावून द्या. मी मोठे दिवे लावले नाहीत. आकड्यांवर गडद लाल काच बसवली. शेठ भडकले.

"मले दिसत नाही म्हनून तुमच्याकडं आनलं, अन् तुमी त्याच्यावर काळी काच लावून राह्यले! डोकं गिकं ठिकानावर आहे ना?"

मी म्हटलं, शेठ, एकदा ओट्यावर ठेवून तर पाहा. त्यांनी ठेवला. बाहेरच्या उन्हाचा पांढरा उजेड त्या काचेनं गिळला आणि लाल आकडे निखाऱ्यासारखे उठून आले. शेठ बराच वेळ काट्याकडे पाहत उभे राहिले आणि मग शेजारच्या व्यापाऱ्याला हाक मारून म्हणाले, "आपन म्हटलं होतं ना, काच लावली पाहिजे म्हनून!"

बडनेऱ्याचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांच्या सौभाग्यवती बीपीचं मशीन घेऊन भांडतच दुकानात शिरले होते. ते म्हणत, मशीन बंद आहे. त्या म्हणत, चांगलं चालू आहे, यांनाच धड बघायला नको. मी विचारलं, तपासता कसं? ते पलंगावर आडवे व्हायचे, मशीन उशाशी स्टुलावर असायचं आणि ते खालून पाहायचे. त्या उभ्या राहून वरून पाहायच्या. करड्या पडद्याला पाहण्याची एक बाजू असते. उलट बाजूनं पाहिलं की आकडे पुसट होतात. दोघंही खरं बोलत होते. मी मशीनच्या मागच्या पायाखाली एक जाड खोडरबर चिकटवून दिलं आणि त्यांच्या घरातलं एक भांडण मिटवलं.

असल्या गोष्टी मी लग्नकार्यात रंगवून सांगत असे. लोक हसायचे. इंगळे सिस्टरची गोष्ट मात्र मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितली नाही.

तेव्हा अमरावतीला माझ्याकडे सरकारी आरोग्य उपकेंद्रांमधल्या बाळांच्या काट्यांची देखभाल होती. पसरट ताटासारखं प्लास्टिकचं तबक, त्यात बाळ ठेवायचं, पुढच्या छोट्या पडद्यावर वजन. परतवाड्याच्या पलीकडच्या एका उपकेंद्राच्या इंगळे सिस्टर एक दिवस एसटीनं आल्या, काटा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "भाऊ, याचा आकडा बरोबर दिसत नाही."

मी पितळी वजनं काढली. दोन किलो ठेवलं, पडद्यावर दोन पॉइंट शून्य शून्य. त्यावर अर्धा किलो ठेवलं, दोन पॉइंट पाच शून्य. एक कांडी इकडची तिकडे नाही.

"सिस्टर, काटा एकदम चोख आहे."

"इथं आहे. माझ्या तिथं नाही."

"काटा तोच आहे ना?"

"तोच आहे. पन दुपारी वजन केलं की सगळी लेकरं सारखीच भरतात. असं कसं होईल?"

मी म्हटलं, "सरकारी काटा आहे सिस्टर, सगळ्यांना समान वागवतो."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी छापील कागदावर 'यंत्र सुस्थितीत आहे' असा दाखला लिहिला, सही शिक्का केला आणि त्यांना दिला.

महिनाभरानं त्या पुन्हा आल्या. पुन्हा तीच वजनं, तोच आकडा, तोच दाखला. या खेपेला मी म्हणालो, "सिस्टर, राग मानू नका, एकदा डोळे तपासून घ्या. वयानं होतं."

त्यांनी चष्मा काढून माझ्या टेबलावर ठेवला. बाजूला पडलेला बॅटरीचा एक सेल उचलला आणि त्याच्यावरची मुंगीच्या पायाएवढी बारीक अक्षरं उघड्या डोळ्यांनी घडाघडा वाचून दाखवली. मग सेल माझ्या हातात दिला.

"आता तुमी वाचा."

मला वाचता आलं नाही. त्यांनी चष्मा घातला, काटा गुंडाळला आणि निघून गेल्या.

तिसऱ्या खेपेला त्या काटा घेऊन आल्या नाहीत, कागद घेऊन आल्या. त्यांना नोटीस मिळाली होती. वजनाच्या नोंदवहीत त्यांनी कित्येक ठिकाणी आकड्याऐवजी लिहिलं होतं, 'आकडा वाचता आला नाही.' वरच्या साहेबांचं म्हणणं, रकाना म्हणजे रकाना, तिथं आकडाच पाहिजे. कामात हयगय केल्याबद्दल खुलासा द्यावा. आणि खुलाशाच्या आधीच पुरावा जोडला होता. माझे दोन दाखले. यंत्र सुस्थितीत आहे, म्हणजे सिस्टर खोटं बोलतात.

माझीच सही मी दोनदा वाचली. 

"तुम्ही एखादा आकडा लिहून टाकायचा होता," मी म्हणालो. "बाकीच्या सिस्टर लिहितातच ना?"

"बाकीच्यांचं मले माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मले जे दिसलं नाही ते मी कसं लिहू? ते वजन त्या लेकराच्या कार्डावर चढते भाऊ. डॉक्टर ते पाहूनच ठरवते का याले दवाखान्यात ठेवाचं का घरी पाठवाचं."

 त्या उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "तुमी इथं पंख्याखाली वाचता. एक दिवस माझ्या पत्र्याखाली येऊन वाचा. बुधवारी लसीकरण आहे."

सांगायला हरकत नाही, मी गेलो तो माझा दाखला खरा आहे हे सिद्ध करायला गेलो. पिशवीत पितळी वजनं घेतली. परतवाड्यापर्यंत बस, पुढे वडाप जीप. वैशाखाचे दिवस होते. जीपच्या दाराची कडी हाताला चटका देत होती. उपकेंद्राची खोली बांधकामासाठी बंद होती म्हणून सिस्टर गावातल्या एका घराच्या पडवीत बसत. वर पत्रा, समोर अंगण, अंगणातल्या मातीवरून ऊन उसळून थेट पडवीत येत होतं. बाया लेकरं घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते.

सिस्टरनं मला बसायला खाट दिली, पाणी दिलं आणि बायांना सांगितलं, "हे अमरावतीचे. काटा तपासाले आले."

तेवढ्यात एक मुलगी बाळ घेऊन पुढे आली. कविता नाव. एकोणीस-वीस वर्षांची असेल, पहिलंच बाळंतपण. बरोबर सासू. बाळ अकरा दिवसांचं. सिस्टरनं बाळाचे कपडे काढले, तबकावर मऊ धडपं टाकून काटा शून्यावर आणला आणि बाळ ठेवलं. बाळ रडलं नाही. त्या वेळी मला ते गुणी वाटलं. पुढे कळलं की न रडणं हे चांगलं लक्षण नव्हतं.

"वाचा भाऊ," सिस्टर म्हणाल्या.

मी वाकलो, पडद्यावर हाताची सावली धरली आणि मोठ्यानं वाचलं, "दोन पॉइंट आठ आठ. पावणेतीन किलोच्या वर. झकास आहे बाळ!"

सासूचा चेहरा फुलला. "पाहा," ती सुनेला म्हणाली, "म्या सांगतच होती. उगी तोंड पाडून राह्यली होती."

 सिस्टरनं बाळ उचलून कविताच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुमची वजनं आनली?"

मी पिशवीतून दोन किलोचं पितळी वजन काढलं आणि तबकावर ठेवलं. वाकलो. वाचलं. 

दोन पॉइंट आठ आठ.

मी डोळे चोळले. अगदी जवळ गेलो, डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. तेव्हा दिसलं. दोन्ही शून्यांच्या पोटात मधली आडवी रेघ उमटली होती. बाकीच्या कांड्यांपेक्षा अगदी थोडी फिकी, पण त्या उन्हात तो फरक डोळ्याला लागणं कठीण. दोनाच्या आकड्यालाही नको त्या दोन कांड्या चढल्या होत्या. पण पहिला आकडा माणूस मनानं दुरुस्त करतो. तान्हं बाळ काही आठ किलोचं नसतं, हे आपल्याला माहीत असतं. दुसऱ्या आकड्याला मनाचा तसा लगाम नसतो. तिथे आठ दिसला की तो आठच.

अकोल्यात कॅल्क्युलेटर माठाशेजारी ठेवून जो माणूस मांत्रिक म्हणून मिरवत होता, त्याला तीन महिन्यांत हे सुचलं नव्हतं. पत्र्याखालचा ताप, त्यात पडद्याचा चढलेला कॉन्ट्रास्ट. आणि मी पंख्याखाली बसून दाखले देत होतो.

"सिस्टर," मी हळूच म्हणालो, "मला आकडा वाचता आला नाही."

"हाव," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. टोमणा नाही, विजय नाही. लगेच कविताकडे वळून म्हणाल्या, "बाई, लेकराचं वजन पुन्हा कराचं आहे. आत चाल."

सासू आडवी आली. "कायले? सायबानं सांगतलं ना आता, झकास आहे म्हनून?"

"ते बरोबर नव्हतं आजी."

"तू रोजच म्हनतं बरोबर नाही! सायब इतक्या दुरून आला, तो काय खोटं बोलते?" तिनं सुनेचा दंड धरला. "चाल घरी. ऊन कपाळाले लागून राह्यलं."

कविता उठली. तिनं सिस्टरकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि पदर बाळावर ओढून पायरी उतरली. सिस्टर सासूला समजावत होत्या, पण म्हातारीनं एकदाच माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्यांचं बोलणं संपलं. वर्षानुवर्षं त्या गावात राबलेल्या बाईच्या शब्दापेक्षा जीपमधून उतरलेल्या शर्ट-पँटवाल्याचा शब्द मोठा ठरत होता. आणि तो शब्द मी दिला होता.

मी तबकावरचं वजन उचललं आणि चप्पल न घालताच अंगणात उतरलो. तळपाय भाजले. म्हातारीसमोर उभा राहिलो.

"आजी, मी चुकलो."

ती थांबली.

"ते वजन खोटं आहे. हे पाहा, हा पितळी बाट दोन किलोचा आहे, यावर लिहिलेलं आहे. काटा यालाही पावणेतीनच्या वर दाखवतो. तुमच्या नातवाचं खरं वजन किती आहे, मला माहीत नाही. सिस्टर खरं सांगतात. त्यांचं ऐका."

तिनं माझ्या हातातला बाट घेतला. दोन्ही हातांनी वरखाली करून अंदाज घेतला. मग सुनेच्या हातातलं बाळ घेतलं आणि तेही तसंच हातावर तोललं. चेहरा पडला. बाळ आणि बाट, दोन्ही सारखेच भरत होते.

"चाल व आत," ती सुनेला म्हणाली.

घराच्या आतली खोली मातीच्या भिंतींची, कौलाखालची, गार. सिस्टरनं ओल्या धडप्यात काटा गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. आम्ही वाट पाहत बसलो. तेवढ्यात त्यांनी बाळाला कविताच्या उघड्या छातीशी लावून वरून लुगडं गुंडाळलं. एवढ्या उन्हात सिस्टर बाळाला ऊब देत होत्या याचं मला नवल वाटलं. मला त्या म्हणाल्या, "हातपाय पाहा याचे. थंड आहेत."

मी विचारलं, "तुम्ही दर वेळी असं करता?"

"माह्याजवळ इतका वेळ कुठं आहे? बाहेर बाया बसून राहतात. मी लिहून ठेवते, वाचता आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी गार असते तवा घरोघर काटा घेऊन जाते."

"सगळ्यांकडे?"

"ज्याचं दिसलं नाही त्याच्याकडं."

नोंदवही त्यांच्या मांडीवर होती. मी मागितली आणि उघडली. 'आकडा वाचता आला नाही' अशी ओळ, आणि त्याच नावापुढे खाली, दुसऱ्या दिवसाची तारीख टाकून, सकाळचं वजन. पानापानावर. साहेबांना रिकामे रकाने दिसले होते. त्यांच्या खालची ही दुसरी ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. शेतातल्या झोपड्या, नाल्यापलीकडची वस्ती, सगळीकडे ही बाई काखोटीला काटा मारून पायी गेली होती. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. उलट त्याचीच तिला नोटीस मिळाली होती.

वीसेक मिनिटांनी काट्यावरचं धडपं काढलं. पडदा स्वच्छ झाला होता. बाळ ठेवलं. या वेळी मी वाकलो नाही. सिस्टरनं वाचलं.

"दोन पॉइंट शून्य चार."

अडीचच्या खाली बाळ कमी वजनाचं धरतात, हे मला तोवर माहीत झालं होतं. सिस्टरनं कार्डावर लिहिलं आणि उठल्या. "परतवाड्याले न्याचं. आत्ताच."

वडाप जीप भरल्याशिवाय हलत नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, सगळ्या सीटा माझ्या. कविता, सासू, बाळ आणि सिस्टर मागे, मी पुढे. सिस्टर वाटेत दर थोड्या वेळानं बाळाच्या टाचेला टिचकी मारून त्याला जागं करत होत्या आणि कविताला पाजायला लावत होत्या.  दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला लगेच आत घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अंग गार पडत होतं, दूध ओढायची ताकद गेली होती, आणलंत ते बरं केलंत. 

बाळ पुष्कळ दिवस दवाखान्यात राहिलं आणि मग घरी गेलं. ते जगलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण मला तेच विचारतो.

मी मात्र त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो आणि माझ्या दाखल्यांच्या जुन्या प्रती काढून बसलो. कितीतरी उपकेंद्रं. प्रत्येकावर 'सुस्थितीत आहे'. त्यातल्या किती सिस्टरना दुपारी आठ दिसला असेल आणि त्यांनी आठ लिहिला असेल? त्यांचा दोष नाही. दिसला तो लिहिला. पण त्या आठाखाली खरं शून्य असलेलं एखादं बाळ असेल, त्याचं काय झालं? याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आता मिळणारही नाही. ही एक गोष्ट सोबत घेऊनच जायची आहे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना पत्र दिलं: माझे दोन्ही दाखले मी मागे घेतो, तपासणी पंख्याखाली झालेली आहे, इंगळे सिस्टरची नोंद बरोबर आहे. साहेब माणूस वाईट नव्हता, कागदाचा होता. पत्र वाचून म्हणाले, "वानखडे, दिलेला दाखला कोणी मागे घेतो का? तुमचंच नाव खराब होईल."

"झालंच आहे साहेब," मी म्हणालो. "नोंदवही एकदा स्वतः बघा. रिकाम्या रकान्याच्या खालची ओळ वाचा."

त्यांनी नोंदवही मागवली. माझ्यासमोरच पानं उलटली. आधी भराभर, मग हळूहळू. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "ह्या बाई इतक्या लांब पायी जातात?" नोटीस पुढे सरकली नाही, फाइलला लागली. माफी वगैरे कोणी मागितली नाही. ती पद्धत नाही. पण पुढच्या महिन्यात तालुक्याच्या सगळ्या सिस्टरांची बैठक झाली, त्यात साहेबांनी मला आणि इंगळे सिस्टरना बोलायला लावलं. मी अर्धा तास फळ्यावर सात कांड्या काढून दाखवल्या. निम्म्या बाया कंटाळल्या होत्या. मग इंगळे सिस्टर उठल्या. त्या एवढंच म्हणाल्या:

"बायांनो, दिसलं तर लिवा. नाही दिसलं तर नाही दिसलं असं लिवा. अंदाजानं लिवलेलं वजन लेकराच्या अंगावर चढत नाही."

आणि खाली बसल्या.

पंधरा दिवसांत साहेबांचा फोन. "वानखडे, नोंदवह्या आल्या. जिकडे तिकडे वाचता आलं नाही, वाचता आलं नाही! आता काय करायचं?"

"काटे माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं.

काटे यायला लागले. एसटीच्या पार्सलनं, कोणाच्या मोटारसायकलवर, कोणाच्या भाच्याबरोबर. वजनाच्या भागाचं सील न तोडता मी फक्त पडद्याकडची बाजू उघडायचो. तिथे मुगाच्या दाण्याएवढा एक भाग बसवायचो, ताप वाढला की तो पडद्याची वीज आपोआप कमी करतो. काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते प्रत्येक काटा नेमका किती तापतो हे कळणं. म्हणून मी सिस्टरांना निरोप दिला, काट्याबरोबर चिठ्ठी पाठवा, तुम्ही वजन करायला कुठे बसता ते लिहा.

इतकी वर्षं मी त्या काट्यांची देखभाल केली, पण ते राहतात कुठे हे मला त्या चिठ्ठ्यांवरून कळलं. 'शाळेच्या ओट्यावर, अकरा वाजता ऊन येते.' 'कडुनिंबाखाली, पण पानगळ झाली आहे.' 'सरपंचाच्या गोठ्याला लागून.' एकीनं लिहिलं होतं, 'आमच्याकडे सावली नाही. तसा करून पाठवा.'

मग मी तपासणी गच्चीवर न्यायला सुरुवात केली. भर दुपारी काटे ओळीनं मांडायचे, डोक्याला ओला टॉवेल, हातात पितळी बाट. बायको खालून ओरडायची, "कुरडया वाळवाले तरी जागा ठेवा, नाही तर तुमचेच काटे तळून वाढते!" शेजारच्यांना वाटलं, वानखड्यांना ऊन लागलं.

आणि दाखला लिहिण्याची माझी रीतही बदलली. काटा झाला की मी फोन करायचो, सिस्टर, तुम्ही या, तुम्ही वाचा, मग मी सही करतो. सगळ्यांना येणं जमायचं नाही. पण ती सावली नसलेली सिस्टर आली. कोवळ्या वयाची, नुकतीच नोकरीला लागलेली, पहिल्या बसनं निघून दुपारपर्यंत पोचली. मी तिला गच्चीवर नेलं. तिनं छत्री मिटून कठड्याला टेकवली. मी तबकावर दोन किलोचा बाट ठेवला, त्यावर शंभर ग्रॅमचा.

ती वाकली. घाई केली नाही. एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून, मग सरळ.

"दोन पॉइंट एक शून्य," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, अजून पडद्याकडेच बघत, विचारलं, "शून्यच आहे ना भाऊ?"

"तुम्हाला काय दिसतं?"

"शून्य."

मी खिशातून पेन काढलं आणि तिथेच, कठड्यावर कागद ठेवून, सही केली.